लहानपणीची भूक



आपल्या दिंडीत १९७२ च्या दुष्काळात लहान असलेली आम्ही पुष्कळ मंडळी आहोत. तेव्हा आईबाप दुष्काळी कामावर खडी फोडायला, पाझर तलावाची माती उचलायला जायचे. घरात मिलोची भाकरी. कामावरची सुकडी आई पदरात बांधून आणायची आणि आम्ही भावंडं ती मुठीनं मोजून घ्यायचो.

दुष्काळ सरला, ती भूक सरली नाही. आजही मुक्कामाला पोटभर पंगत होते, तरी एखादा म्हातारा अर्धी भाकरी गुपचूप पिशवीत ठेवतो. तरुण पोरं हसतात. पोरांनो, हसू नका. ती भाकरी म्हातारा ठेवत नाही, त्याच्यातलं आठ वर्षांचं लेकरू ठेवतं.

लहानपणी जे कमी पडतं, तेच माणूस जन्मभर शोधतो. ज्याला भाकर मिळाली नाही, तो कणगी भरत बसतो. ज्याला मान मिळाला नाही, तो सप्त्यात पुढची खुर्ची धरतो. पण कणगी कितीही भरा, तेव्हाची रिकामी ताटली आता भरत नाही.

मग करावं काय? संतांकडे पाहावं. ज्ञानोबा आणि भावंडं लहानपणीच पोरकी झाली, वर समाजाचा बहिष्कार. त्यांनी पसायदान मागितलं ते साऱ्या जगासाठी. ज्यांना आईची माया पुरती मिळाली नाही, त्यांनाच आपण माउली म्हणतो. गाडगेबाबांचे वडील दारूपायी गेले. बाबा दापुऱ्याला मामाच्या घरी गुरं राखत वाढले, शाळेत गेले नाहीत. त्यांनी स्वतःसाठी घर बांधलं नाही. पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई इथे दुसऱ्यांसाठी धर्मशाळा बांधल्या आणि लेकरांना शिकवा म्हणून गावोगाव सांगत फिरले.

भूक काही आपोआप माणसाला संत करत नाही. एकाच दुष्काळातून कुणी सावकार होऊन निघाला, कुणी पंगतीतला वाढपी. आपल्याला जे मिळालं नाही, ते दुसऱ्याच्या पानात वाढलं की आपलंही थोडं पोट भरतं, एवढं मात्र आम्ही अनुभवानं सांगतो.

म्हणून शंभराव्या वर्षी एवढंच मागणं: पंगतीत पहिलं पान लेकरांचं असू द्या, मग ते दिंडीतलं असो की वाटेवरच्या पालातलं. आणि म्हाताऱ्याच्या पिशवीतली भाकरी कुणी मोजू नका.

रामकृष्ण हरी!