मजूर मिळत नाही, म्हणजे काय?



दसरा उलटला की अमरावती-अकोल्याच्या बाजारात एकच वाक्य कानी पडते : मजूर मिळत नाही. कास्तकार हे म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नाही. सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी पाठोपाठ येतात. शेंगा तडकू लागतात, बोंडे फुटतात, आणि मध्येच पाऊस आला तर हाती आलेले पीक वावरातच काळे पडते. सोयाबीनला यंत्र मिळते. परंतु आपल्या कपाशीची बोंडे एकदम फुटत नाहीत, त्यामुळे एकच वावर तीन-चार वेळा वेचावे लागते. ते काम अजून बायांच्या बोटांवरच आहे.

मग बाहेरून माणसे आणली जातात. मेळघाटातील धारणी-चिखलदऱ्याहून कोरकू कुटुंबे खाली उतरतात. मध्य प्रदेशातूनही येतात. वावराच्या धुऱ्यावर पाल ठोकून राहतात. होळी हा कोरकूंचा मोठा सण. त्याला घर गाठतात. यावरून गावात वाद पेटतो. गावचे मजूर म्हणतात, हे आमचा दर पाडतात. कास्तकार म्हणतो, गावची माणसे बोलावून येत नाहीत.

आम्हीही एके काळी गावच्या मजुरांच्या बाजूने दंड थोपटले होते. दर्यापूरकडील एका गावी बाहेरच्या मजुरांची गाडी आम्ही वेशीवर अडविली. गाडीत बाया, लेकरे, भांडीकुंडी. एक बाई म्हणाली, "भाऊ, आमच्या गावात काम असतं तर आम्ही इथं आलो असतो का?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. गाडी परत गेली. पण गावचा दर एका पैशाने वाढला नाही. आठ दिवसांनी मुकादमाने आडवाटेने दुसरी गाडी आणली, तीही कमी दराने.

हा प्रश्न एकट्या वऱ्हाडाचा नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला शेतमजूर कमी पडले, म्हणून 1942 साली मेक्सिकोशी करार करून हंगामी मजूर आणले गेले. युद्ध संपले, तरी ही पद्धत 1964 पर्यंत चालली. पहिल्या काही वर्षांत त्यांच्या मजुरीतून 10 टक्के रक्कम बचत म्हणून कापीत. पुष्कळांना ती परत मिळालीच नाही. मळ्यांत एका देशाच्या मजुरांचा संप मोडण्यास दुसऱ्या देशाचे मजूर आणीत. 1965 साली कॅलिफोर्नियातील डेलानो येथे फिलिपिनो मजुरांनी द्राक्षमळ्यांत संप पुकारला, आणि या वेळी आठवड्याभरात मेक्सिकन मजूर त्यांना येऊन मिळाले. पाच वर्षे झुंज चालली. 1970 साली मळेवाल्यांना करार करावा लागला.

आता कास्तकाराचा हिशेबही ऐकला पाहिजे. किलोमागे 10 रुपये वेचणी धरली तर क्विंटलला 1,000 रुपये होतात. 2025-26 साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8,110 रुपये होता. म्हणजे आठवा हिस्सा वेचणीतच गेला. उलट, बाईने दिवसभर उन्हात वाकून 30 किलो वेचला तर तिच्या पदरी 300 रुपये पडतात. दोघेही खरेच बोलतात. त्याच हंगामात परदेशी कापसावरील 11 टक्के आयातशुल्क 31 डिसेंबर 2025 पर्यंत माफ होते. परदेशच्या कापसाला वाट मोकळी, आणि मेळघाटच्या बाईला आम्ही वेशीवर अडवीत होतो!

म्हणून आमचे सांगणे थोडके आहे. हंगामापूर्वी गावसभेत वेचणीचा दर ठरावा, आणि तो गावच्या व बाहेरच्या मजुरांना एकच असावा. म्हणजे बाहेरच्या माणसाला दर पाडण्यासाठी कोणी आणणार नाही. येणाऱ्यांना पाणी, निवारा आणि लेकरांसाठी शाळा मिळावी. आणि ही वाढीव मजुरी कापसाच्या भावात धरली जावी, यासाठी मजुराने कास्तकाराच्या बाजूने उभे राहावे. आपण शहरातली मंडळी सुती कापड वापरता. त्या किंमतीत वेचणारणीचा वाटा आहे, हे आपणही विसरू नये.

पुढच्या दसऱ्यानंतरही गाडी येईल. ती अडवायची नाही. वेशीवर उभे राहून उतरणाऱ्या प्रत्येकाला गावचा दर सांगायचा.