सातवीनंतरची चित्रं

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात पालकांपुढे केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मघाशी बालगटाच्या चित्रांनी सूचनाफलकाची भिंत भरून गेली. मोठ्या गटात मात्र तीनच चित्रं आली. अभ्यास वाढतो हे खरं आहे. पण मी आयुष्यभर शाळेत चित्रकलाच शिकवली, म्हणून दुसरं कारणही सांगतो. पाच वर्षांचं मूल हत्ती निळा रंगवतं आणि खूश असतं. अकरा-बारा वर्षांचं झालं की आपला हत्ती हत्तीसारखा नाही हे त्याला दिसायला लागतं. ‘मला जमत नाही’ हे वाक्य तिथे सुरू होतं. अहो, नजर पुढे गेलेली असते, हात मागे राहिलेला असतो! शिकवायची खरी वेळ तीच. आणि तेव्हाच आपण एक तर चित्रकला बंद करतो, नाहीतर एलिमेंटरी-इंटरमिजिएटचा क्लास लावतो.

त्या परीक्षांवर माझा राग नाही. कला संचालनालयाच्या या परीक्षांमुळे गावोगावच्या मुलांच्या हातात ब्रश आला. वस्तुचित्राने प्रमाण कळतं, भूमितीने हातात सफाई येते. पण स्मरणचित्राचं काय झालंय? पाहिलेलं आठवून काढायचं, ते स्मरणचित्र. मुलं काढतात गाइडमधला बाजार: टोपलीवाली बाई, पाठमोरा टोपीवाला, कोपऱ्यात झाड. आपल्या गेटबाहेर रोज भाजीची गाडी उभी असते, तिला निळी ताडपत्री बांधलेली, वर पैसे भरायचा क्यूआर कोड लटकवलेला. ती कुणाच्या कागदावर येत नाही. निबंध पाठ करतात, तसंच हे. दहावीला वाढीव गुण मिळतात, मग आपणही गप्प बसतो.

एक साधा धडा सांगतो. पायातली चप्पल टेबलावर ठेवायची. नजर चपलेवर, पेन्सिल कागदावर, आणि कागदाकडे बघायचंच नाही. चपलेच्या कडेवरून नजर जितकी हळू सरकेल तितकीच हळू रेघ ओढायची. पहिलं चित्र वेडंवाकडं येतं, सगळा वर्ग हसतो. हसू द्या, कारण इथे चांगलं काढायची सक्तीच नाही. तिसऱ्या-चौथ्या वेळेला अंगठ्याने झिजलेला खड्डा, उसवलेला पट्टा कागदावर यायला लागतो. दुसरा धडा खुर्चीचा. खुर्ची काढायची नाही, तिच्या पायांमधली मोकळी जागा काढायची. खुर्ची आपोआप उभी राहते. आठवीतल्या मुलांना यात फार मजा येते.

वारलीचंही तसंच. मुलं दोन त्रिकोण जोडून माणूस करतात आणि वारली झाली म्हणतात. वारली घरांत लग्नाचा चौक बायका लिहितात, गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने. जिव्या सोमा म्हसे यांनी ही चित्रं कागदावर आणली, जगभर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आजचे वारली चित्रकार रेल्वेसुद्धा काढतात, कारण ती त्यांच्या भोवती आहे. मग आपल्या मुलांनी तारपा नाचच का गिरवायचा? आपली विसर्जनाची मिरवणूक काढू दे, पाण्याचा टँकर आल्यावरची रांग काढू दे.

क्लबरूम रविवारी सकाळी कोचिंगवाल्यांना भाड्याने द्यायचा विचार आहे, असं कानावर आलं. भाडं मिळेल, सोसायटीला पैसा लागतो, मान्य. तरी नऊ ते अकरा एवढे दोन तास मी सातवी ते दहावीच्या मुलांसाठी मागतो. फी नाही. कमिटीने निर्णय घेईपर्यंत आपण पार्किंगमध्ये बसू. येत्या रविवारी येताना पाठकोरे कागद, एक टू-बी पेन्सिल आणि घरातली सर्वात जुनी चप्पल आणा. खोडरबर घरीच ठेवा.