काटा कुठल्या बाजूला वळतो?

(शोभेची झाडे लावणाऱ्या शेतकऱ्यांच्या जिल्हा बैठकीतील भाषण)



मला शोभेच्या तांबड्या अननसावर बोलायला सांगितलंय. मी काही वनस्पतिशास्त्राचा माणूस नाही. फसलेला शेतकरी आहे, त्या अधिकाराने बोलतो.

काही वर्षांपूर्वी एका रोपवाटिकेतून मी तीनशे रोपं आणली. चाळीस रुपयाला एक. बारा हजार नुसते रोपांचे. खड्डे, शेणखत, मजुरी वेगळी. पाटीवर लिहिलेलं, 'तांबडा अननस'. हे फळ दांड्यासकट कापून जातं, शहरात फुलदाणीत ठेवायला घेतात. मी पाटी वाचली आणि पैसे मोजले. तिसऱ्या वर्षी मधली पानं लालभडक झाली. घरात सगळे खूश. मग दांडा आला आणि त्यावर फळं धरली ती सुटी सुटी, पिवळी, सालासकट सुपारी असते तेवढी. अननसाचा आकार नाही, डोक्यावर शेंडा नाही. व्यापाऱ्याने एक दांडा उचलला, फिरवून बघितला आणि खाली ठेवला. तीन वर्षांचा हिशेब तिथेच संपला.

ते निघालं ब्रोमेलिया बालान्से. ब्राझील, पॅराग्वे, अर्जेंटिना इकडचं. त्याचा जवळचा भाऊ ब्रोमेलिया पिंग्विन वेस्ट इंडीज आणि मध्य अमेरिकेत गुरं अडवायला कुंपणाला लावतात. तांबडा अननसही त्याच मुलखातला आणि त्याच कुळातला. आपला खायचा अननसही तोच. पोर्तुगीजांनी आणला आणि नावही तिकडच्या आदिवासींचंच घेऊन आला. कूळ एक असल्यामुळेच घोटाळा होतो. लहान रोपं बघितली तर तिन्ही सारखीच दिसतात.

फूल बघून ओळखायचं म्हटलं तर माझ्यासारखी तीन वर्षं जातात. म्हणून काटा बघायचा. जाड हातमोजे घाला, मोठ्या झाडाचं एक पान धरा आणि बुडापासून टोकापर्यंत कडेचे काटे तपासा. तांबड्या अननसाचे काटे मोठे आणि दणकट असतात, पण सगळे टोकाकडे झुकलेले. ब्रोमेलियाचे वरचे काटे टोकाकडे आणि बुडाजवळचे उलटे, खोडाकडे वळलेले असतात, गळाच्या आकड्यासारखे. आत हात घालताना वरचे अडवतात, बाहेर काढताना खालचे धरतात. माझ्या मनगटावर खुणा आहेत, कुणाला बघायच्या असतील तर दाखवीन. बुडाशी उलटा काटा असलेली अननसाची एक रानटी जातही आहे, पण तिच्या फळाला शेंडा नसतो. तेव्हा बुडाशी उलटा काटा दिसला की ते रोप आपल्या कामाचं नाही, एवढं धरून चाला.

क्यू अननस लावणाऱ्यांनी इथे जास्त जपावं. क्यूच्या पानाला काटे टोकाशीच काय ते थोडे, त्यामुळे कड बघायची सवयच नसते. आणि कोवळ्या रोपात काटा नीट वळलेला नसतो. म्हणून रोपवाटिकेत आईझाड दाखवायला सांगा. दाखवत नसतील तर पैसे खिशात ठेवा.

शास्त्रीय नावावर विसंबू नका. तांबड्या अननसाला पूर्वी वेगळी जात मानत. 2003 साली तो खाण्याच्या अननसाचाच एक प्रकार ठरवला गेला. त्यामुळे पाट्यांवर दोन्ही नावं सापडतात. नाव बदललं म्हणून काटा काही फिरला नाही.

आता लागवड. काळ्या चिकण जमिनीत याच्या नादी लागू नका. आपली जांभ्याची उतरती जमीन याला चांगली, पावसाळ्यात पाणी थांबलं की गाभा कुजतो. सपाटीला गादीवाफा करा. फुटवा आईच्या निदान एक तृतीयांश झाला की काढा, जखम सावलीत चार दिवस सुकू द्या, मग लावा. रंग हवा तर ऊन हवं, सावलीत पान हिरवं पडतं. पट्टेवाला प्रकार असेल तर मधूनच निव्वळ हिरवा फुटवा येतो. तो ठेवलात तर तोच जोर धरतो. फूल सगळ्यांना एकदम हवं असेल तर खायच्या अननसासारखंच वाढ पूर्ण झालेल्या झाडाच्या पोंग्यात इथेफॉन घालतात.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. सुपारीच्या बागेत ही झाडं लावणारे बरेच आहेत. कोळेरोगासाठी आपण बोर्डो मारतो, त्यात मोरचूद असतं. तांबं या कुळाला विष आहे. वरून ठिबकलेलं पोंग्यात साठतं आणि झाड जातं. बुरशी समजून लोक त्यावर पुन्हा बोर्डो मारतात! फवारणीच्या दिवशी झाकून ठेवा, नाहीतर सुपारीखाली लावूच नका.

माझी तीनशे रोपं? उपटायची मजुरी परवडेना. काही बांधावर सरकवली, गुरं आता तिकडून येत नाहीत, तेवढं वसूल झालं. पण जमिनीखालून धुमारे टाकत ती पसरतात, दरवर्षी छाटावी लागतात. ओढ्याकाठी किंवा रानाच्या कडेला कुणी लावू नये.

दोन्ही झाडांची पानं मी पोत्यात गुंडाळून आणली आहेत. पुढे येऊन बोटाने बघून घ्या, पण हात जपून न्या आणि पोरांना जरा लांब ठेवा.