पान नंबर सांगा

(सोलापुरात कॉलेजच्या पोरापोरींपुढं केलेलं भाषण)



मी मुंबईच्या गोदीत काम करतो. शिक्षण मॅट्रिक, म्हंजे तुमची दहावी. कॉलेजची पायरी मी चढलेलो नाही. आणि उभा राहिलोय तुम्हाला हे सांगायला, की ग्रंथालयात पुस्तक कसं हुडकायचं. हसा खुशाल. मलापण हसू आलं होतं. बोलावणाऱ्यांना वाटलं असेल, कवी आहे, पेटवून जाईल. पेटवणारे आपल्याकडं रग्गड आहेत. पुस्तक उघडून पानावर बोट ठेवणारे कमी आहेत. म्हणून मी आज हा कोरडा विषय घेतलाय.

आधी माझी फजिती ऐका. तीन वर्षांपूर्वी मुंबईत एका सभेत मी बाबासाहेबांचं एक वाक्य म्हटलं. जोरात म्हटलं. टाळ्या पडल्या. सभा संपल्यावर चळवळीतला एक म्हातारा माणूस जवळ आला. त्यानं विचारलं, "बाळा, कुठल्या खंडात आहे? पान कितवं?" मला सांगता येईना. वाक्य मी मोबाईलवर वाचलं होतं, खाली बाबासाहेबांचा फोटो होता, म्हंजे खरंच असणार. म्हातारा काही बोलला नाही, खांद्यावर हात ठेवून निघून गेला. त्यानंतर सुट्टीच्या दिवशी मी खंड चाळायला लागलो. ते वाक्य मला आजपर्यंत सापडलेलं नाही. ज्या वाक्यावर टाळ्या घेतल्या ते कुणाचं होतं देव जाणे. आणि देवही मी मानत नाही.

तुम्ही म्हणाल, काय बिघडलं? वाक्य चांगलं होतं. बिघडतं असं, की समोरचा एक खोटं पकडतो आणि त्याच्यासोबत आपली दहा खरी फेकून देतो. आपल्या बापजाद्यांना अक्षर नाकारलं, म्हणून आपण बोललो की पहिला सवाल येतो : पुरावा काय? हा सवाल अपमान करायला विचारतात, मला ठाऊक आहे. पण उत्तर तयार असेल तर अपमान करणारा गप होतो. उत्तर म्हंजे पुस्तक, साल, पान.

आता पुस्तकापर्यंत पोचायचं कसं?

पहिली गोष्ट. ग्रंथालयात शिरण्याआधी प्रश्न कागदावर लिहा. "दलितांचा इतिहास" हा प्रश्न नव्हे. तेवढ्यावर तुम्ही जन्मभर चाळत बसाल. प्रश्न लहान करा. मी नमुना देतो, तुमच्याच गावचा. बहिष्कृत हितकारिणी सभा मुंबईत १९२४ साली निघाली. तिच्या उद्देशांत वसतिगृहं होती, वाचनालयंही होती. या सभेनं जानेवारी १९२५ मध्ये वसतिगृह काढलं ते कुठं? इथं, सोलापुरात. तुमच्यापैकी कितीजणांनी हे ऐकलंय? हात वर करा. बघा. शंभर वर्षं उलटून गेली त्याला. मग प्रश्न असा लिहा : ते कुठल्या पेठेत होतं? पोरं किती होती? पैसा कुणी दिला? शिकून ती पोरं पुढं कुठं गेली? हा झाला प्रश्न. याच्यामागं माणूस वर्षभर हिंडू शकतो, आणि शेवटी हाताला काहीतरी लागतं.

दुसरी गोष्ट, आणि सगळ्यात महत्त्वाची. नाव. गोदीत माल उतरतो तेव्हा प्रत्येक पेटीवर मार्क असतो, कागदावरही तोच मार्क असतो. दोन्ही जुळले तर पेटी सापडते. नाही जुळले तर पेटी शेडमध्ये पडून राहते, आत सोनं का असेना. ग्रंथालयाची सूची म्हंजे तो कागद. मग ती कपाटातल्या कार्डांची असो, नाहीतर कॉम्प्युटरवरची. आपली अडचण अशी, की आपल्यावर मार्क आपण मारलेला नाही. दुसऱ्यांनी मारला, आणि दर पिढीला बदलला.

तुम्ही सूचीत "दलित" घालता, आणि त्याआधीचं काही निघत नाही. निघणार कसं? त्या काळच्या सरकारी कागदात आपण "डिप्रेस्ड क्लासेस" होतो. इंग्रजी पुस्तकांच्या जुन्या सूचीत "अनटचेबल्स". मराठी पुस्तकांत "अस्पृश्य", "अंत्यज", "बहिष्कृत". १९३५ च्या कायद्यापासून "शेड्यूल्ड कास्ट्स". गांधींच्या माणसांकडं "हरिजन". कंपनी सरकारच्या मुंबई फौजेच्या कागदात "परवारी" हुडका, तिथं शिपायांच्या नावाला "नाक" लागलेलं दिसेल. इथल्या सेटलमेंटमधली पोरंपोरी असतील तर त्यांनी "क्रिमिनल ट्राइब्ज" घालावं. १८७१ च्या कायद्यानं तारेच्या कुंपणाकडं नेणारं ते नाव दिलं, ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला, मग "विमुक्त" हा शब्द आला. पण १९५२ च्या आधीचा कागद "विमुक्त" म्हणून कधीच सापडणार नाही.

ही नावं लिहिताना हात थरथरतो. शिवी आहे ती. पण आपली माणसं त्या शिवीखाली ठेवलेली आहेत. शिवी उचलल्याशिवाय माणूस हाती लागत नाही. वहीच्या पहिल्या पानावर ही सगळी नावं लिहून ठेवा, आणि प्रत्येक नावानं एकेकदा हुडका.

नावासोबत स्पेलिंग. जुना इंग्रजी सोलापूर गॅझेटियर १८८४ सालचा, मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा विसावा खंड. आता तो मोबाईलवरपण मिळतो. त्यात आजच्या स्पेलिंगनं "सोलापूर" घालाल तर फसाल, तिथं "शोलापूर" आहे. "महार" घालाल तर फसाल, साहेबानं "म्हार" लिहिलंय, एम नंतर लगेच एच. यंत्र बिचारं अक्षर बघतं, अर्थ बघत नाही. पाच मिनिटांत "काही नाही" म्हणून उठू नका. चार स्पेलिंगं घाला. त्यानंतरही नाही निघालं तर पुस्तकाच्या मागची सूची बघा, आणि मग प्रकरण पानापानानं वाचा.

तिसरी गोष्ट. कपाटं. ड्युई पद्धतीचं ग्रंथालय असेल तर जातीची पुस्तकं ३०५.५ च्या आसपास, बौद्ध धम्म २९४.३, हिंदू धर्म २९४.५, कामगार ३३१, भारताचा इतिहास ९५४, मराठी साहित्य ८९१.४६. म्हंजे आपलं एकच जगणं सहा कपाटांत वाटलंय. जातीच्या कपाटापुढं उभं राहून परत येऊ नका. गिरणीत मजुरी करणारा आपला माणूस कामगारांच्या कपाटात असेल. कपाट उघडं नसेल तर ग्रंथपालाला प्रश्न दाखवा. "पुस्तक द्या" म्हणू नका, "मला हे हुडकायचंय" म्हणा. लाजू नका. भाकरी मागत नाही आपण. १९६७ च्या कायद्यानं महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांना सरकारी आधार आहे, जिल्ह्याला शासकीय ग्रंथालय आहे. ते तुमच्या बापाच्या घामाच्या पैशावर चालतं.

घरबसल्या दोन दारं उघडी आहेत. एक, महाराष्ट्र सरकारनं १९७९ पासून छापलेले बाबासाहेबांचे खंड. वसंत मून यांनी संपादनात आयुष्य घातलं, तेव्हा हे आपल्या हातात आलं. दुसरं, शोधगंगा. तिथं देशभरातल्या विद्यापीठांचे पीएचडीचे प्रबंध ठेवलेत. प्रबंध सगळा वाचू नका, आधी शेवटची संदर्भसूची वाचा. दुसऱ्यानं पाच वर्षं चालून काढलेली वाट तिथं आयती असते. पण त्या वाटेवर डोळे मिटून जाऊ नका. का, ते सांगतो.

बाबासाहेबांनी ९ मे १९१६ ला कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या वर्गात निबंध वाचला, "कास्ट्स इन इंडिया". वय पंचवीस. म्हंजे इथं बसलेल्या तुमच्याएवढेच. पुढच्या साली, मे १९१७ मध्ये, तो "इंडियन अँटिक्वरी" या मासिकात छापून आला. मला ते पहिलं छापलेलं पान बघायचं होतं. अनेक ठिकाणी लिहिलेलं सापडतं : इंडियन अँटिक्वरी, खंड ४१, मे १९१७. मी एका जुन्या ग्रंथालयात चिठ्ठी भरली : खंड ४१. जाड बांधीव पुस्तक आलं. पान पान उलटलं. निबंध नाही. परत उलटलं. नाही. माझं डोकं फिरलं. म्हटलं, फाडला साल्यांनी! मेल्यावरही बाबासाहेबांना बाहेर काढलं! भांडायलाच गेलो टेबलावर.

तिथल्या बाई शांत होत्या. म्हणाल्या, "पहिल्या पानावर साल बघितलंत?" बघितलं. १९१२. म्हणाल्या, "हे मासिक १८७२ ला सुरू झालं, वर्षाला एक खंड. मग १९१७ चा कितवा?" मी बोटांवर मोजलं. सेहेचाळीसावा. रोमन आकड्यात सेहेचाळीस म्हंजे एक्स, एल, व्ही, आय. त्यातला व्ही गळाला की एक्केचाळीस उरतो. कुणाच्या तरी हातून एक अक्षर गळालं, आणि मागून येणाऱ्यांनी न बघता ते उतरवलं. बाईंनी खंड ४६ आणून दिला. मे महिना काढला. निबंध होता. बाबासाहेबांचं नाव होतं. पान शाबूत होतं. मी त्यावर बोट ठेवून बराच वेळ बसलो.

साथींनो, माझा राग खोटा नव्हता. आपली पानं या देशात फाडली गेलीत, पुढंही फाडतील. पण त्या दिवशी कुणी फाडलं नव्हतं. मी ज्यांच्यावर ओरडलो त्यांनीच पान जपून ठेवलं होतं. आणि चूक करणारे कोण? बाबासाहेबांवर प्रेम करणारे. न बघता उतरवणारे. सभेत टाळ्या घेणारा मीसुद्धा त्यांच्यातलाच.

म्हणून चौथी गोष्ट. चिठ्ठी. पान वाचलं की तिथंच लिहा : लेखक, पुस्तक, खंड, साल, पान. पुस्तकातले शब्द अवतरणात, आपले शब्द वेगळे. दुसऱ्याच्या पुस्तकातून घेतलं असेल तर मूळ आपण बघितलेलं नाही हे प्रामाणिकपणे लिहा. फोटो काढा, पण पहिल्या पानाचापण काढा, नाहीतर महिन्यानं कळणार नाही हे पान कुठल्या पुस्तकाचं.

आता काम. वसतिगृहाचा प्रश्न चौघांनी घ्या. दुसरा प्रश्न : जिवाप्पा ऐदाळे. १९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षाकडून हा सोलापूरचा माणूस मुंबई विधानसभेत निवडून गेला. विधानसभेच्या छापील कार्यवाहीत तो कशावर बोलला, ते दोघांनी काढा. इंग्रजीत आडनाव दोन-तीन तऱ्हांनी लिहिलेलं असेल, सगळ्या तऱ्हा बघा.

आणि बाकीच्यांनी बुधवार पेठेत जा, सेटलमेंटमध्ये जा. जे कुठल्याच कपाटात नाही ते तिथं म्हाताऱ्यांच्या तोंडात आहे. माझी आजी या शहरात बिड्या वळायची. तिला काय काय ठाऊक होतं ते मी विचारलं नाही, ती गेली, आणि आता कुठल्याही सूचीत मला ती सापडणार नाही. तुम्ही विचारा. नाव, वय, पेठ, तारीख लिहा, त्यांच्या शब्दांत लिहा, त्यांना वाचून दाखवा. मग एक प्रत ग्रंथालयात नेऊन द्या, आणि वर कुठलं नाव घालायचं ते तुम्ही ठरवा. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मार्क आपण मारू.

टाळ्या आत्ता नकोत. सहा महिन्यांनी मी परत येईन. तेव्हा मला पान नंबर सांगा.

जयभीम.