मच्छरदाणीला एक भोक

विषय बालमजुरीचा आहे आणि वेळ दहा मिनिटांचा. बालमजुरी वाईट, मुलं शाळेत गेली पाहिजेत, हे सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळे त्यात वेळ घालवायचा नाही. आजचं बोलणं एका शब्दाबद्दल. शब्द साधा, रोजच्या तोंडातला : मदत.

मच्छरदाणी घरोघरी माहीत आहे. कोरी करकरीत असो, चारी बाजूंनी गादीखाली नीट खोचलेली असो, तिला रुपयाएवढं एक भोक असलं की रात्रीच्या झोपेचं खोबरं. खोलीतले सगळे डास ते भोक बरोबर हुडकतात. बालमजुरीविरुद्धचा आपला कायदा हा असा आहे. कापड चांगलं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. 1986 चा कायदा 2016 मध्ये दुरुस्त झाला, 14 वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही धंद्यात कामाला ठेवायला सरसकट बंदी आली. गुन्हा दखलपात्र झाला. मुलाला कामाला ठेवणाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षं कैद, नाहीतर 20 ते 50 हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. इथवर उत्तम. आणि मग कलम 3 मध्ये शिंप्यानं आपल्याच हातानं भोक ठेवलं. मूल शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत कुटुंबाला, कुटुंबाच्या धंद्याला ‘मदत’ करत असेल आणि काम धोकादायक नसेल, तर ही बंदी लागू नाही.

कुटुंब म्हणजे कोण? आई, वडील, भाऊ, बहीण. इथं थांबले असते तर गोष्ट वेगळी होती. पण पुढे आत्या आहे, काका आहे, मावशी आहे, मामा आहे. घरच्या धंद्याला सूट 1986 मध्येही होती, पण तेव्हाच्या व्याख्येत धंदा करणारा, त्याची बायको किंवा तिचा नवरा, त्यांची मुलं आणि भावंडं एवढीच माणसं बसत. भाचे-पुतणे त्यात नव्हते. म्हणजे 30 वर्षांनी मच्छरदाणी दुरुस्तीला काढली आणि ती परत आली तेव्हा भोक दोन बोटं वाढलेलं होतं!

किराणा दुकानात तेलाचे डबे ओढणाऱ्या दहा वर्षांच्या पोराला विचारावं, कुणाकडे असतोस रे? उत्तर ठरलेलं : मामाकडं. 2017 च्या नियमांत असा मामा सख्खा असावा, असं म्हटलं आहे. ठीक आहे. आता कामगार खात्याच्या निरीक्षकानं गल्ल्यापाशी उभं राहून त्या पोराची वंशावळ काढायची. निरीक्षक किती, दुकानं किती?

त्याच नियमांनी भोकाला ठिगळंही लावली आहेत. मुलानं दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त मदत करायची नाही. संध्याकाळी सातपासून सकाळी आठपर्यंत करायची नाही. वाचायला फार बरं वाटतं. आता हे घड्याळ घेऊन उसाच्या फडात जाऊ.

दिवाळीच्या मागेपुढे बीड जिल्ह्यातून, मराठवाड्याच्या इतर भागांतून ऊसतोडीची बिऱ्हाडं निघतात ती मार्च-एप्रिलपर्यंत पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. माणसं मोजायचं हे माप ज्यानं काढलं त्यानं पोरं हिशेबातच धरली नाहीत. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते कोयत्यानं, आणि ती फेडायची असते हंगाम संपेपर्यंत. कोपीतली, म्हणजे तात्पुरत्या झोपडीतली, दहा-अकरा वर्षांची पोर अंधारात उठते. आई-बाप फडात गेले की धाकटं पोर तिच्या कडेवर. पाणी तिनं आणायचं, चूल तिनं बघायची, बैलगाडी असली तर बैलांकडेही तिनंच बघायचं. बाप ऊस तोडत पुढे सरकतो, आई मोळ्या बांधत मागे, आणि त्यांच्या मागे ही पोर वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, गोळा करत असते. वाढ्यांच्या पेंढ्या बांधल्या की त्या चाऱ्याला विकल्या जातात, मिठामिरचीचे पैसे सुटतात. वाढ्याची पात हाताला कापते, त्याला कुणी जखम म्हणत नाही. गाडी रात्री आली तर मोळ्या रात्री भरायच्या. तेव्हा सात वाजून गेलेले असतात, हे त्या नियमाला कुणी कळवायचं?

हजेरीपटावर तिचं नाव नाही. मुकादम म्हणतो, मी कोयत्याला पैसे दिले, पोरीला नाही. कारखाना म्हणतो, आमचा संबंध मुकादमाशी. आणि बाप म्हणतो, साहेब, आमचीच पोर हाय, आईला मदत करती. झालं. निरीक्षकाच्या वहीत लिहायला काही उरत नाही. घरच्याच धंद्याला सूट आहे आणि ऊसतोड हा काही बापाच्या मालकीचा धंदा नव्हे, हे वकील कोर्टात मांडू शकेल. पण फडात वकील नसतो. तिथं ‘मदत’ या शब्दावर चौकशी संपते, आणि तो शब्द बापानं शोधलेला नाही, कायद्यानंच त्याच्या हाती दिलेला आहे.

श्रोत्यांपैकी कुणाला वाटेल, एका शब्दाचं किती दळण! दळायलाच हवं. भोक लहान दिसतं म्हणूनच ते राहून जातं.

याच कायद्यात दुसरीही एक सूट आहे, सिनेमा-मालिकांत काम करणाऱ्या मुलांना. तिथं मात्र सगळं कसं बांधेसूद. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढा, दिवसाला पाच तासांवर काम नको, कमाईतला किमान 20 टक्के हिस्सा मुलाच्या नावानं मुदत ठेवीत टाका. चांगली गोष्ट आहे. पण पडद्यावरच्या पोराला कागद आहे आणि फडातल्या पोरीला नाही, हा काय न्याय?

आणि कायद्यात भोक ठेवण्याचा हा खेळ जुना आहे. 1881 मध्ये कारखान्यांचा पहिला कायदा आला. सात वर्षांखालच्या मुलांना बंदी, सात ते बारा वर्षांच्यांना दिवसाला नऊ तास. पण कायदा लागू कुठं? शंभर किंवा त्याहून जास्त माणसं असतील तिथं. म्हणजे मच्छरदाणी फक्त मोठ्या पलंगाला, जमिनीवर निजणाऱ्यांनी आपलं बघावं. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांना एकत्र केलं, 1884 मध्ये साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन दिलं. 1891 च्या कायद्यात शंभराचे पन्नास झाले आणि मुलाचं किमान वय सातावरून नऊवर गेलं. कापड दोन हात वाढायला दहा वर्षं लागली, तीही मागे कुणीतरी लागलं म्हणून. 1933 मध्ये तर खुद्द उचलीवरच कायदा झाला होता : आगाऊ पैसे घेऊन मुलाचे श्रम गहाण टाकण्याचा करार रद्दबातल. आई-बापाला 50 रुपयांपर्यंत दंड, मुलाला ठेवून घेणाऱ्याला 200 पर्यंत. त्यातही पुन्हा सूट होतीच. मुलाचं नुकसान नसेल, वाजवी मजुरी असेल, आठवड्याच्या सूचनेवर सोडता येत असेल, तर तो करार गहाण धरायचा नाही...

असो. घड्याळाचा काटा पुढे गेला आहे आणि एक आक्षेप राहतो. मग काय पोरांनी घरात काडीही उचलायची नाही? कुंभाराच्या पोरानं चाकाला हात लावायचा नाही? जरूर लावावा. केर काढावा, ताटं घासावीत, आजीला सुईत दोरा ओवून द्यावा. कायद्यात ते तसं लिहावं : स्वतःच्या आई-बापाच्या घरातलं काम, शिकण्यापुरतं, विकायच्या मालाला हात न लावता. मामा-काका गाळावेत. आणि मूल कामावर सापडलं, तर ती मदत होती हे दाखवण्याची जबाबदारी ज्याच्या मालावर ते राबत होतं त्याच्यावर टाकावी. उसाच्या बाबतीत याचा अर्थ कारखाना. चौदा ते अठरा वर्षांच्या मुलांचं तर बोलायचंच राहिलं. धोकादायक कामांच्या जुन्या यादीतल्या 83 नोंदींच्या जागी त्यांच्यासाठी तीनच आल्या, 2017 मध्ये ती यादी पुन्हा वाढवावी लागली. पण त्याला वेगळं भाषण हवं.

तेव्हा एवढंच. ज्यांच्या तालुक्यात साखर कारखाना आहे, त्यांनी यंदाच्या हंगामात एकदा कोप्यांकडे चक्कर मारावी, शाळेत किती पोरं आहेत आणि फडात किती, ते स्वतः मोजावं. मूल कामावर दिसलं तर 1098 हा क्रमांक आहे. आणि आपल्या खासदाराला एक पत्र टाकावं. मजकूर लांबलचक नको. कलम 3, ‘मदत’ हा शब्द आणि आपण मोजलेला आकडा एवढं पुरे.