मला काय काय करता येतं?

टर्मिनलवर ‘परमिशन डिनाइड’ आलं की आपण काय करतो? एकेक कमांड मारून बघतो, नाहीतर अ‍ॅडमिनला मेसेज टाकतो. त्यापेक्षा सिस्टिमनेच आधी सांगावं ना! लिनक्सवर ‘सुडो डॅश एल’ टाका; त्या मशीनवर सुडोने तुम्हाला काय काय चालवता येतं, त्याची यादीच समोर येते.

पण थांबा. तुमचं अकाउंट चोराच्या हाती लागलं, तर तोही आधी हीच यादी बघणार. मग फीचरच नको? तसं नाही. ज्याची यादी त्यालाच दाखवा. सुडोमध्येही दुसऱ्याची यादी रूट किंवा तसा अधिकार दिलेल्या युजरलाच बघता येते. आणि यादी लपवण्यापेक्षा ती छोटी ठेवा. खरी सुरक्षा तिथेच आहे. आज स्वतःची यादी बघाच!