‘वैधानिक इशारा’ आणि त्याचा वाचक

‘वैधानिक इशारा’ हा शब्दप्रयोग आज मराठीत सहज बोलण्यातही येतो. त्याला रूढ करणारा कायदा मात्र संसदेने १९७५ साली केवळ सिगारेटसाठी केला होता. ‘वैधानिक’ म्हणजे कायद्याने बंधनकारक, त्यामुळे पाकिटावरचे इशाऱ्याचे वाक्य उत्पादकाने आपणहून दिलेला सल्ला नसून त्याच्याकडून सक्तीने छापून घेतलेली कबुली आहे.

अमेरिकेत सर्जन जनरलने, म्हणजे तेथील सार्वजनिक आरोग्यसेवेच्या प्रमुखाने, १९६४ मध्ये धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा कार्यकारणसंबंध जाहीर केला आणि १९६६ पासून तेथील पाकिटांवर इशारा आला. परंतु सिगारेट ‘अपायकारक ठरू शकते’ एवढेच तो सांगत असे, आणि ही सावध शब्दरचना पुढे चार वर्षांनी बदलली गेली. भारतीय इशारा आरंभापासून निःसंदिग्ध होता, ही त्याची जमेची बाजू होय.

उणीव होती ती वाचकाच्या बाबतीत. अक्षरे बारीक आणि भाषा सहसा इंग्रजी. शिवाय महाराष्ट्रात तंबाखू ओढण्यापेक्षा खाण्याचे प्रमाण कितीतरी अधिक असूनही चुना लावून मळलेली, दाढेखाली धरलेली तंबाखू, तसेच दातांना लावण्यासाठी तव्यावर भाजलेली तंबाखू, म्हणजेच मशेरी, १९७५ च्या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिली. २००३ च्या कायद्याने सर्व तंबाखूजन्य पदार्थ कक्षेत आणले आणि ३१ मे २००९ पासून निरक्षरालाही कळावे म्हणून चित्रे आली. तथापि खाण्याच्या तंबाखूवर प्रारंभी विंचवाचे चित्र होते, ज्याचा तोंडाच्या कर्करोगाशी संबंध कोणाला लागणे कठीण होते. ही निवड चुकीचीच म्हणावी लागते. पुढे तेथे रोगग्रस्त तोंडाची छायाचित्रे आली, आणि २०१६ पासून इशाऱ्याने वेष्टनाच्या दोन्ही मुख्य बाजूंचा ८५ टक्के भाग व्यापला.

सुटी सिगारेट किंवा विडी घेणाऱ्याच्या हाती वेष्टनच पडत नसल्याने महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये सुट्या विक्रीवर बंदी घातली, ती योग्यच होती. मात्र घरी भाजलेल्या मशेरीच्या डबीवर कोणताही कायदा काही छापू शकत नाही, आणि ती लावणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी आहे. म्हणून ज्यांच्या घरी मशेरी भाजली जाते, त्या श्रोत्यांनी हा इशारा घरातल्या माणसांना स्वतः सांगावा, आणि व्यसन सोडू इच्छिणाऱ्यास १८००-११-२३५६ हा शासनाचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक लिहून द्यावा.